शनिवारी कपाळाला टेंगूळ, सोमवारी डोळे सुजलेले

साडेचार वर्षांचा मुलगा, वजन 16 किलो. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास घरात पळापळी चालू असताना उंबरठ्याला ठेचकाळला आणि कपाळ लोखंडी पलंगाच्या कडेवर आपटलं. सोमवारी सकाळी दहाला आई आणि आजी त्याला ओपीडीत घेऊन आल्या, तेव्हा डावा डोळा जवळजवळ मिटलेला, उजवी वरची पापणी फुगलेली, दोन्ही डोळ्यांमधला नाकाचा भाग पसरट झालेला. जिथे मार बसला होता त्या कपाळावर मात्र आता फारसं काही दिसत नव्हतं. आईची तक्रार एवढीच, "मॅडम, टेंगूळ बसलं म्हणून काल हुश्श केलं, आणि आज सकाळी डोळाच उघडेना."

शेजारच्या बाईंनी सकाळीच निदान करून टाकलं होतं, मेंदूतलं रक्त डोळ्यांत उतरलंय म्हणून. त्यामुळे आई रडवेली झाली होती आणि वडील जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन कुठे होतो याची फोनवरून चौकशी करत दारातच उभे होते.

(ही नोंद एकाच मुलाची नाही. अशी मुलं ओपीडीत वारंवार येतात. दोन-तीन जणांच्या हकिगती एकत्र केल्या आहेत आणि ओळखीचे तपशील ठेवलेले नाहीत.)

मुलगा आईच्या कडेवरून उतरला, टेबलावरची रबरी शिक्क्याची डबी त्याला दिसली, उजव्या डोळ्याच्या फटीतून नेम धरून त्याने ती उचलली आणि माझ्या केसपेपरवर शिक्का मारला. डोक्याला मार लागलेल्या मुलाची अर्धी तपासणी इथेच होते. मूल चाललं कसं, वस्तू दोन्ही हातांनी उचलली का, आईचं बोलणं ऐकून ओशाळलं का, हे स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी बघायचं असतं. एकदा मूल टेबलावर आडवं झालं आणि रडायला लागलं की यातलं काहीच हाती लागत नाही.

हकिगत मी मागून पुढे न घेता शनिवारी संध्याकाळी सातपासून क्रमाने घेतली. आपटल्याबरोबर लगेच रडला. शुद्ध गेली नाही. उलटी एकही नाही. अर्ध्या तासात पुन्हा खेळायला लागला. रात्री वरणभात खाल्ला. आजीने "डोक्याला मार लागलाय, झोपू द्यायचं नाही" म्हणून त्याला बारापर्यंत जागं ठेवलं, मग तो बसल्या बसल्याच झोपला. कपाळाच्या मध्यापासून जरा डावीकडे चार सेंटिमीटरचं टेंगूळ होतं, त्याचा फोटो वडिलांच्या मोबाइलमध्ये होता. रविवारी सकाळी टेंगूळ चपटं झालं, पण कपाळ सगळीकडून मऊ, पाणी भरल्यासारखं लागत होतं. रविवारी दुपारी एका ठिकाणी दाखवलं, तिथे कवटीचा एक्स-रे काढला, "हाड ठीक आहे" म्हणून सांगितलं आणि सूज उतरायचं औषध दिलं. रविवारी रात्री नाकाचा वरचा भाग सुजला. सोमवारी सकाळी डोळे.

वडिलांच्या मोबाइलमधले तीन दिवसांचे फोटो एकापाठोपाठ पाहिले आणि निदानाचा मोठा भाग तिथेच झाला. सूज वाढली नव्हती, ती जागा सोडून खाली आली होती. पालकांनी फोटो काढलेले असतील तर ते जरूर मागावेत. वेगळं काही दुखणं सुरू झालं असतं तर सूज मधूनच कुठेतरी उगवलेली दिसली असती. इथे कपाळ, मग नाकाचं मूळ, मग पापण्या अशी सलग वाट दिसत होती.

ही वाट का पडते, ते आई-वडिलांना मी कागदावर चित्र काढून दाखवते. डोक्याच्या आवरणाचे पाच थर असतात: कातडी, तिच्याखालचा दाट तंतूंचा थर, मग स्नायूंना जोडणारा पांढरा चिवट पडदा, त्याखाली एक अगदी सैल थर आणि सगळ्यात आत हाडाला चिकटलेलं आवरण. आपण केसांना धरून टाळू मागेपुढे हलवतो तेव्हा सरकतो तो चौथा सैल थर. त्यात रक्त साचलं तर त्याला अडवणारं फारसं काही नसतं. मागच्या बाजूला तो चिवट पडदा मानेच्या वर हाडाला बांधलेला आहे, बाजूंनी कानशिलाच्या आवरणाशी. पुढे मात्र कपाळाचा स्नायू हाडाला जोडलेलाच नाही, तो भुवयांच्या कातडीत जाऊन संपतो. म्हणजे मागचं आणि बाजूचं दार बंद, पुढचं उघडं. रक्त आणि त्याबरोबरचं पाणी वजनाने खाली सरकतं आणि थेट वरच्या पापणीत येतं. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, आणि तिच्याखाली चरबी नसते, सगळं ढिलं. चमचाभर रक्तही तिथे डोळा बंद करायला पुरतं. कपाळावर तेवढंच रक्त कुणाच्या नजरेतही भरत नाही.

यावरून आईला पडलेल्या दोन प्रश्नांचा उलगडा झाला. सूज सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी का? रात्रभर मूल आडवं असतं म्हणून. आणि डाव्या डोळ्याला जास्त का? मुलगा डाव्या कुशीवर झोपतो म्हणून. मार मध्याच्या डावीकडे होता हेही कारण आहेच. पण उजव्या कुशीवर झोपणाऱ्या मुलात टेंगूळ डावीकडे आणि डोळा उजवा सुजलेला, असंही पाहायला मिळतं आणि तेव्हा पालक जास्त गोंधळतात.

इथपर्यंत सगळं सरळ. पण "काही नाही, उतरेल" असं म्हणायच्या आधी जे तपासायचं ते तपासलं पाहिजे. कारण याच वयात, याच चेहऱ्यामागे दुसरीही दुखणी लपलेली असू शकतात.

कपाळ बघताना मी थबकले. डाव्या भुवईच्या वर दोन बोटं रुंदीचा लालभडक पट्टा होता. सुजलेली पापणी आणि तिच्यावर लाली म्हटलं की पहिला विचार जंतुसंसर्गाचा येतो. पापणीच्या पुढच्या भागात झालेला संसर्ग तोंडाच्या औषधावर बरा होतो, पण डोळ्याच्या खोबणीत शिरलेला संसर्ग दृष्टी घालवू शकतो. ताप पाहिला, 98.4. हाताची मागची बाजू लावून पाहिली, लाल भाग गरम नव्हता. दाबल्यावर मुलगा कुरकुरलाही नाही. मग लक्षात आलं की लाली भुवईच्या केसांतही आहे. पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसलं, तर कापूस लाल झाला आणि खालून निळसर कातडी निघाली.

आजी म्हणाल्या, "हळद-चुना लावला होता शनिवारी. मुका मार होता ना."

हळदीत चुना कालवला की ती लाल होते, कुंकू याच रीतीने करत आलेत. हे ज्या डॉक्टरने घरात पाहिलेलं नाही, तो त्या लालीवर अँटिबायोटिकची बाटली लिहून देईल यात नवल नाही.

पण हळद-चुन्याबद्दल आजींशी जरा सविस्तर बोलले, आणि ते रागावून नाही. मुक्या मारावर घरोघरी लेप लावतात आणि त्यात आजीची माया असते. आंबेहळद उगाळून अखंड कातडीवर, डोळ्यापासून लांब लावली तर मी अडवत नाही. तिने सूज लवकर जाते असंही म्हणणार नाही. चुन्याची गोष्ट वेगळी. तो तीव्र अल्कली आहे. कपाळावरचा लेप वाळला की भुरभुरतो, मूल डोळे चोळतं, आणि चुन्याचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाच्या आत शिरत जातो. आम्ल पृष्ठभागावर थांबतं, अल्कली थांबत नाही. चुन्याची पुडी किंवा डबी फुटून डोळे भाजलेली मुलं नेत्रतज्ज्ञांकडे येत असतात. असं झालंच तर दवाखान्याकडे पळायच्या आधी जागेवरच साध्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं, पापणी उघडी धरून डोळा धुवायचा, कण दिसला तर काढायचा, आणि मग निघायचं. या मुलाच्या पापणीखाली काही नव्हतं. भुवईजवळची कातडी थोडी खरखरीत झाली होती एवढंच.

नंतर डोळा. मिटलेला डोळा "सूज उतरली की बघू" म्हणून सोडून देता येत नाही. सूज वाढून पापणी अजिबात उघडेनाशी व्हायच्या आत तो बघायचा असतो. आईने हात धरले, मी दोन बोटांनी पापणी वर केली. दाब बुबुळावर पडू द्यायचा नाही, भुवईच्या हाडावर ठेवायचा. बाहुल्या दोन्ही सारख्या, उजेडाला आकसणाऱ्या. उजवा डोळा झाकून डाव्याने भिंतीवरच्या तक्त्यातला हत्ती ओळखला, "सोंड वर केलीय" असंही सांगितलं. शिक्क्याची डबी वर-खाली, डावी-उजवी फिरवली, डोळे सगळीकडे फिरले. वर बघताना दुखलं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच होता. खोबणीच्या हाडाची कड बोटाने सगळीकडून चाचपली, हाड मोडल्यावर लागते तशी पायरी कुठे लागली नाही.

वर बघायला लावण्यावर मी एवढा भर का देते? सात वर्षांच्या आतल्या मुलांत कपाळातली हवेची पोकळी नीट तयार झालेली नसते. मोठ्या माणसाच्या कपाळावर मार बसला की ती पोकळी तो धक्का झेलते. लहान मुलात तो सरळ डोळ्याच्या खोबणीच्या छताकडे जातो आणि तिथे भेग पडू शकते. अशा वेळी वरची पापणी काही तासांतच सुजते, डोळा थोडा पुढे किंवा खाली ढकललेला दिसतो आणि वर फिरताना अडतो.

दुसरा प्रकार याहून फसवा. मुलांची हाडं लवचीक असतात. खोबणीचा तळ क्षणभर दाराच्या फळीसारखा उघडून पुन्हा मिटतो आणि त्यात डोळ्याचा स्नायू चिमटला जातो. अशा मुलाचा डोळा बाहेरून जवळजवळ निर्मळ दिसतो. पण वर बघायला सांगितलं की दुखतं, मळमळतं, उलटी होते, नाडी मंद पडते. उलट्यांमुळे सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे जातं आणि डोळा राहून जातो. स्नायू लवकर सोडवला नाही तर कायमचा अशक्त होऊ शकतो, म्हणून ही शस्त्रक्रिया तातडीची. दिसायला भयंकर असलेला आमचा मुलगा सुरक्षित होता. न सुजलेला, वर न बघणारा मुलगा माझ्या दृष्टीने जास्त धोक्यात असतो.

मग कवटीचा तळ. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं दिसलं की प्रत्येक इंटर्नच्या तोंडी पहिलं नाव येतं ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरचं, आणि ते बरोबर आहे. तिथलं रक्तही एक-दोन दिवसांनीच डोळ्यांभोवती दिसायला लागतं, म्हणून नुसत्या वेळेवरून फरक करता येत नाही. फरक असतो सोबतच्या खुणांत. कानामागच्या हाडावर निळसर डाग आहे का, कानाच्या पडद्यामागे रक्त दिसतं का, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येतो का, ऐकू कमी येतं का, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असा रक्ताचा डाग आहे का ज्याची मागची कड दिसतच नाही. शिवाय त्या प्रकारात कपाळावरून खाली आलेली सलग सूज नसते. या मुलात यातलं एकही नव्हतं. दोन्ही कान बघितले, तेव्हा मात्र त्याने भोकाड पसरलं.

नाकाचं मूळ सुजलेलं होतं म्हणून टॉर्चने नाकपुड्यांच्या आतही पाहिलं. ही गोष्ट विसरली जाते. नाकाच्या मधल्या पडद्यावर रक्ताची गाठ साचली तर आतल्या कूर्चेचं पोषण तुटतं, काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक कायमचं बसतं. तिथे लालसर-जांभळा मऊ फुगा दिसला असता तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडलं असतं.

आणखी काही प्रश्न विचारले. ते पालकांना चमत्कारिक वाटतात, पण टाळता येत नाहीत. लस टोचल्यावर मांडीला मोठी गाठ आली होती का? दात पडताना किंवा तोंडात लागल्यावर रक्त बराच वेळ वाहत राहिलं होतं का? आईच्या भावाला, मुलाच्या मामाला, रक्त न थांबण्याचा त्रास? हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामाबद्दल विचारायचं. किरकोळ मार आणि त्या मानाने फार मोठी, पसरत जाणारी सूज असली तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्या; कधी नुसते केस जोरात ओढल्यानेही अशा मुलाची टाळू रक्ताने भरते. इथे मार आणि सूज यांचं माप जुळत होतं, मामा ठणठणीत होते, ओठ-पापण्यांच्या आत फिकेपणा नव्हता. तपासण्या केल्या नाहीत.

कपडे काढून सगळं अंगही पाहिलं. नडग्यांवर जुने-नवे डाग होते, ते या वयाच्या प्रत्येक मुलाच्या नडग्यांवर असतात. पाठ, पोट, कान, मान, कुल्ले स्वच्छ होते. सांगितलेली हकिगत आणि दिसणारी इजा जुळते का, हे मनातल्या मनात तपासायचं आणि जुळलं तर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

माराशिवायच डोळे सुजले असते तर रस्ता वेगळा. रोज सकाळी चेहरा सुजलेला, पावलंही सुजलेली, लघवी कमी आणि फेसाळ, तर मूत्रपिंडाचा विचार. लघवीतली प्रथिनं तपासायला पाच मिनिटं लागतात. मार लागल्याचं कुणाला आठवत नाही आणि डोळ्यांभोवती मात्र काळंनिळं आहे, तर न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग डोक्यात ठेवावा लागतो. पालक अशा वेळी "पडला असेल कुठेतरी" म्हणतात आणि डॉक्टर ते लिहून घेतात. या मुलाच्या बाबतीत पडण्याला चार साक्षीदार होते.

आता सीटी. वडिलांचा मुद्दा साधा होता, "पैशाचा प्रश्न नाही मॅडम, एकदा करून टाकू, मनाला शांती." मुलाच्या काळजीने असं वाटणारच.

2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेकार्न या अमेरिकी गटाचा अभ्यास आला. डोक्याला मार लागलेली 42,412 मुलं, 25 आपत्कालीन विभाग. त्यातून जी कसोटी निघाली ती आज जगभर वापरली जाते. दोन वर्षांवरच्या मुलात भान बदललेलं नाही, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरच्या खुणा नाहीत, शुद्ध गेली नाही, उलटी नाही, तीव्र डोकेदुखी नाही आणि मार जबर नाही, या सहाही गोष्टी "नाही" असतील तर मेंदूला महत्त्वाची इजा असण्याची शक्यता 0.05 टक्क्यांहून कमी. पहिल्या दोनपैकी एक जरी असली तर ती 4.3 टक्क्यांच्या आसपास, तिथे सीटी करायचाच. उरलेल्या चारपैकी एखादी असेल तर 0.9 टक्के, तिथे काही तास लक्ष ठेवायचं किंवा परिस्थिती पाहून सीटी. पळताना स्थिर वस्तूवर आपटणं हा त्या अभ्यासात सौम्य मार धरला आहे. या वयाला दीड मीटरहून उंचावरून पडणं जबर मारात मोडतं.

एक खाच मात्र सांगायला हवी. ती कसोटी मार लागल्यापासून 24 तासांच्या आत आलेल्या मुलांसाठी आहे. आमचा मुलगा 39 तासांनी आला होता. म्हणजे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण त्यांची दिशा लावता येते. शिवाय 39 तास मूल खातंय, खेळतंय, शिक्के मारतंय, हे स्वतःच एक मोठं निरीक्षण आहे, कुठल्याही यंत्राशिवाय घरात झालेलं.

वडिलांना मी सांगितलं की डोक्याच्या सीटीचा किरणोत्सर्ग साधारण वर्षभरात निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या जवळपास जातो. गरज असेल तर एक क्षणही विचार करायचा नाही. गरज नसताना साडेचार वर्षांच्या मुलाला तो द्यायचा आणि हलू नये म्हणून कदाचित झोपेचं औषधही द्यायचं, हे मला पटत नाही. रविवारच्या एक्स-रेबद्दलही विचारलं त्यांनी. कवटीच्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही. तो नॉर्मल आला म्हणजे मेंदू नॉर्मल असं होत नाही, आणि त्यात बारीक भेग दिसली तरी पुढचा निर्णय मुलाच्या अवस्थेवरूनच घ्यावा लागतो.

"मग कधी केला असता?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि मला तो आवडला. मुलगा सुस्त असता, वरचेवर उलट्या झाल्या असत्या, डोळा वर फिरला नसता, नाकातून पाणी येत असतं, तर लगेच केला असता. आणि मूल दोन वर्षांच्या आतलं असतं तर टेंगूळ कुठे आहे हेही मी धरलं असतं. त्या वयात कपाळावरचं टेंगूळ फारसं घाबरवत नाही. कानाच्या वर, बाजूला किंवा मागे आलेलं मऊ टेंगूळ घाबरवतं, कारण तिथलं हाड पातळ असतं आणि खाली भेग असण्याची शक्यता वाढते. तान्ह्या बाळाच्या त्या सैल थरात त्याच्या मानाने बरंच रक्त मावतं, म्हणून बाळ फिकं पडतंय का हेही बघावं लागतं. चालायला न लागलेल्या बाळाच्या डोक्याला टेंगूळ आलं तर मी फोनवर सल्ला देत नाही, घेऊन या म्हणते.

उपचार म्हणून लिहायला फारसं काही नव्हतं आणि केसपेपर अर्धा कोरा बघून आजी जरा नाराज झाल्या. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवशी, तोही फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. आता तिसऱ्या दिवशी त्याने फार फरक पडणार नव्हता. झोपताना डोकं थोडं उंच. दुखलं तर पॅरासिटामॉल, 16 किलोला एका वेळी साधारण 240 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. इथे बाटली बघूनच सांगावं लागतं, कारण सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120-125 चं मिळतं आणि 240-250 चंही, आणि तान्ह्या बाळांचे थेंब याहून कितीतरी जास्त तीव्र असतात. घरात धाकट्या बहिणीचे थेंब होते, ते आईने चमचाभर द्यायचं ठरवलं होतं. ते थांबवलं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही.

रविवारी दिलेलं सूज उतरायचं औषध बंद केलं. अशा एन्झाइमच्या गोळ्या-सिरपने टेंगूळ लवकर जातं याला भक्कम आधार नाही. रक्त पातळ करणारी मलमं डोळ्याजवळ नकोत. चोळायचं नाही, शेकायचं नाही. सुई घालून रक्त काढायचं तर अजिबात नाही, बंद जागेत जंतू नेण्याचा तो हमखास मार्ग आहे. अँटिबायोटिक नाही.

झोपेबद्दल आजींना सांगितलं की मूल नेहमीच्या वेळेला झोपलं तर झोपू द्या. जबरदस्तीने जागं ठेवलेलं मूल चिडचिडं आणि पेंगुळलेलं होतं, मग ते मारामुळे की झोपेमुळे हे कुणालाच कळत नाही. पहिल्या रात्री शंका असेल तर मध्ये एकदा-दोनदा हलवून बघावं, कूस बदलतं का, ओळखतं का. आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच सांगायचे." मी म्हटलं, "आजी, तेव्हा दवाखाना लांब होता. मूल डोळ्यांसमोर राहावं म्हणून सांगत असतील." त्या हसल्या, पण पटलं की नाही कुणास ठाऊक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणून आईला सांगितलं ते उद्याचं. मंगळवारी सकाळी चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसू शकतो, दोन्ही डोळे मिटलेले असतील, निळेपण गालावर येईल. तसं झालं तर घाबरू नका, दोन्ही डोळ्यांनी दिसतंय का ते पापणी उचलून बघा आणि मला फोटो पाठवा. हे आधी सांगितलं नाही तर पालक मंगळवारी सकाळी थेट सीटीच्या रांगेत उभे असतात आणि त्यांचं काही चुकत नाही. तातडीने यायचं ते वेगळ्या कारणांसाठी: वरचेवर उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, हलवूनही नीट जागं न होणं, झटका, चालताना तोल जाणं, दोन दिसणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, नाकातून पाणी, किंवा ताप आणि पापणी गरम-लाल. रात्री असेल तर 108 ला फोन.

मंगळवारचा फोटो सांगितल्यासारखाच आला. डावा डोळा पूर्ण बंद, उजव्याची बारीक फट, आणि त्या फटीतून तो मोबाइलवर कार्टून बघत होता. गुरुवारी दोन्ही डोळे उघडले. जांभळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा झाला, रक्तातला लाल रंग शरीर टप्प्याटप्प्याने फोडतं म्हणून. या रंगावरून मार किती दिवसांचा आहे हे नेमकं सांगता येत नाही, हे पोलीस केसच्या निमित्ताने अनेकांना सांगावं लागतं. दहाव्या दिवशी गालांवर फिकट पिवळेपणा होता, तो शाळेत कुणाच्या लक्षातही आला नसता.

दोन आठवड्यांनी आई पुन्हा आली, यावेळी कपाळावरच्या गाठीसाठी. मार बसला त्या जागी वाटाण्याएवढी टणक गाठ राहिली होती, आणि आईला तिच्या शेजारी हाडात खड्डा लागत होता. बोटाने चाचपलं. साचलेल्या रक्ताची कड घट्ट होते आणि मधला भाग मऊ राहतो, त्यामुळे हाड आत गेल्याचा भास होतो. कडेवर हळूहळू दाब देत राहिलं की ती थोडी दबते आणि खाली सपाट हाड लागतं. इथे तसंच लागलं. अशी गाठ जिरायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. वाढत गेली, दुखायला लागली, किंवा ताप येऊन कपाळ पुन्हा मऊ सुजलं तर दाखवा, असं सांगितलं. त्यात शेवटचं जास्त महत्त्वाचं, कारण कपाळाच्या हाडात संसर्ग होऊन तिथे पू साचण्याचा प्रकार क्वचित पण खरा आहे, आणि अठराव्या शतकात पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने तो डोक्याच्या माराच्या संदर्भातच नोंदवला होता. आज तो बहुतेक सायनसच्या, म्हणजे कपाळातल्या त्या हवेच्या पोकळीच्या, आजारानंतर, दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांत दिसतो. आमच्या मुलाच्या कपाळात तो सायनस अजून पुरता तयारही झालेला नव्हता.

पलंगाच्या कडांना वडिलांनी सायकलची जुनी ट्यूब कापून बांधली आहे. पुढच्या महिन्यात गाठ बघायला बोलावलंय.